वाट विचारून घ्यावी

वाचकहो, पावसाळा सरून आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की आमच्या ह्या सौंसर-पांढुर्णा भागातील तरुणांच्या पायांना भिंगरी लागते. पूर्वी ही भिंगरी जत्रेपुरती असे. अलीकडे पाठीवर बोचके बांधून, दोन दिवसांची शिदोरी घेऊन, रानावनातून पायी हिंडून यावे अशी हौस खेड्यातल्या मुलांतही दिसू लागली आहे. शहरातून सुटीस आलेले चुलतभाऊ-मावसभाऊ ही हौस बरोबर घेऊन येतात आणि ती येथे लवकर रुजते. ह्या स्तंभाकडे गेल्या काही महिन्यांत जी विचारणा झाली ती दोन प्रकारची आहे. मुले विचारतात, "सातपुड्याच्या जंगलातल्या वाटांचे नकाशे कोठे मिळतील?" आईबाप विचारतात, "पोरांना जाऊ द्यावे का?" आमच्या मते हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर मुलांनी नीट शोधले, तर दुसऱ्याचे उत्तर देणे आईबापांस जड जाणार नाही.

जामसांवलीस मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी दूरदूरचे लोक येतात. आपल्या गावच्या चौकात उभे राहून त्यांना वाट सांगण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा माणूस ह्या पंचक्रोशीत विरळा. आपण काय सांगतो? "सरळ जा, वडाच्या झाडापाशी डावीकडे वळा, मग कोणालाही विचारा." हाही एक नकाशाच आहे, आणि त्यातील शेवटचे तीन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. कागदावरचा नकाशा त्या तीन शब्दांची जागा घेऊ शकत नाही. तो आपणांस इतकेच शिकवतो की कोठे उभे राहून काय विचारावे. तथापि ते तरी तो किती उत्तम शिकवतो, हे आज सांगावयाचे आहे.

आपल्या देशाचे मोजमाप कसे झाले ह्याची हकीकत आमच्या ख्रिस्ती घरांतून ठाऊक असावी अशी आहे. मद्रासेजवळ संत थोमाच्या नावाने प्रसिद्ध असलेला डोंगर आहे. त्या डोंगराजवळ १८०२ सालच्या एप्रिल महिन्यात विल्यम लॅम्बटन ह्या लष्करी अधिकाऱ्याने शंभर फुटी पोलादी साखळी जमिनीवर पुनःपुन्हा मांडून साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. ती मोजण्यास जवळजवळ दोन महिने लागले. त्या एका रेषेच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते माणसांनी डोंगरमाथ्यावर चढवावयाचे आणि तेथून दूरच्या दुसऱ्या माथ्यावरील निशाण पाहावयाचे, असे ते काम. रानातील तापाने त्या तुकड्यांतील किती झेंडेवाले, हमाल आणि साखळीवाले दगावले त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत. लॅम्बटन स्वतः सत्तरीच्या घरात पोहोचला तरी थांबला नाही. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी त्याने वाटेतच देह ठेवला, आणि तो कोठे, तर आपल्या नागपूरच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याचे थडगेही तेथेच आहे. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने ती त्रिकोणांची साखळी ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास, पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडून, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. हिंगणघाटास ज्यांची सोयरीक आहे त्यांनी पुढच्या खेपेस ते थडगे अवश्य पाहावे.

असो. त्या मोजणीतून पुढे जे नकाशे झाले त्यांस स्थलनिर्देशक नकाशे म्हणतात, आणि ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ सालचा, त्याचे मुख्य ठिकाण देहरादून. देशाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास त्याने एक आकडा दिला. आपला आकडा ५५. त्याच्या पोटात सोळा अक्षरे, आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात पुन्हा सोळा पत्रके. सौंसर आणि पांढुर्णा '५५ के' मध्ये येतात, तर छिंदवाडा, तामिया आणि पचमढी ही त्याच्या वरच्या '५५ जे' मध्ये. सौंसरचे पत्रक ५५ के/१४, तामियाचे ५५ जे/११ आणि पचमढीचे ५५ जे/७. हे तीन आकडे लिहून ठेवावेत, कारण नकाशा मागताना गावाचे नाव सांगण्यापेक्षा आकडा सांगितला तर काम चटकन होते.

एके काळी हे नकाशे मिळविणे म्हणजे दिव्य होते. अर्ज, कारण, शिफारस, आणि तरीही नकार यावयाचा तो यावयाचाच. २००५ साली केंद्र सरकारने नवे नकाशा धोरण आखले आणि संरक्षणखात्यासाठी एक व सर्वसामान्यांसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. सर्वसामान्यांच्या मालिकेस खुली मालिका म्हणतात. २०१७ साली, विभागाच्या स्थापनेस अडीचशे वर्षे झाली तेव्हा, ह्या खुल्या मालिकेचे नकाशे इंटरनेटवरून कोणाही नागरिकास मोफत उतरवून घेता येतील अशी सोय झाली. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत उरलेसुरले निर्बंधही पुष्कळ सैल झाले. आज सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून आपले पत्रक घरी बसून मिळते. मात्र एक ध्यानात ठेवावे. खुल्या मालिकेत क्रमांकांची पद्धत निराळी आहे. आपल्या भागाचे क्रमांक तेथे 'एफ ४४' ने सुरू होतात. जुना आणि नवा क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवला म्हणजे घोटाळा होत नाही. सौंसर किंवा छिंदवाड्याच्या छपाईच्या दुकानातून मोठ्या कागदावर रंगीत प्रत काढून घ्यावी. काळ्या-पांढऱ्या प्रतीत बचत होते खरी, पण ह्या नकाशाचा अर्धा अर्थ त्याच्या रंगांत असतो, तो हातचा जातो.

रंगांचा अर्थ असा. हिरवे ते रान, पिवळी ती शेती. तांबड्या रेषा रस्त्यांच्या आणि वाटांच्या. रेषा अखंड असेल तर सडक, तुटक तुटक असेल तर गाडीवाट किंवा पाऊलवाट. निळे ते पाणी. पण ह्यातही एक खुबी आहे. नाला काळ्या रेषेने काढलेला असेल तर तो पावसाळ्यापुरता वाहणारा समजावा; निळा असेल तर बारमाही. डिसेंबरातल्या प्रवासाला निघालेल्या गटाने काळ्या नाल्यावर पाण्याची भिस्त ठेवली तर संध्याकाळी घसा कोरडा पडेल. 'आर. एफ.' अशी अक्षरे दिसली की ते राखीव जंगल.

तपकिरी रेषांना समोच्चरेषा म्हणतात, आणि मुले शाळेत त्यांचा कंटाळा करतात. एका रेषेवरील सर्व ठिकाणे एकाच उंचीची, आणि ह्या पत्रकांवर एका रेषेपासून दुसरीपर्यंत २० मीटरांचा चढ. रेषा विरळ असतील तर जमीन सपाट, दाट असतील तर कडा. पातालकोटाचे पत्रक उघडून बसावे म्हणजे हे डोळ्यांस दिसते. तामियाच्या बाजूचे हे खोरे घोड्याच्या नालासारखे, माथ्यापासून तळापर्यंत सुमारे १२०० ते १५०० फूट खोल. म्हणजे कड्यावर निदान अठरा रेषा एकमेकींस चिकटून बसलेल्या. वरून पाहणाऱ्यास खालचे भारियांचे गाव हाकेच्या अंतरावर वाटते; नकाशावर पट्टी ठेवली तरी अंतर नखाएवढेच भरते. पण त्या नखाएवढ्या जागेतून उतरणारी वाट वळणे घेत जाते, आणि उतरण्यापेक्षा परतीचा चढ दुप्पट वेळ खातो. ज्यांनी सिल्लेवानीचा घाट सायकलीने चढला आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. छिंदवाडा सौंसरहून सुमारे तीनशे मीटर उंचावर आहे हे त्यांच्या पोटऱ्यांना पाठ आहे.

वेळेचा हिशोब करण्याची एक सोपी रीत आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या एका गिर्यारोहकाने ती १८९२ साली सांगितली आणि अजून ती सर्वत्र वापरतात. दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. अंतर मोजण्यासाठी ओला दोरा घेऊन तो नकाशावरील वाटेच्या वळणावळणाने बसवावा, मग सरळ करून पट्टीवर धरावा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समजा दोरा अठरा सेंटिमीटर भरला आणि चढाच्या पंधरा रेषा ओलांडल्या. म्हणजे नऊ किलोमीटर व तीनशे मीटर चढ. हिशोब आला दोन तास अठरा मिनिटे. पण नेस्मिथ सडसडीत माणसाचा आणि चांगल्या वाटेचा हिशोब सांगतो. पाठीवर ओझे, बरोबर पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ, आणि मध्येच बोरे वेचण्याचा मोह, हे सारे धरून आम्ही त्याची दीडपट करतो: साडेतीन तास. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोऱ्यात त्याआधीच अंधारते. तेव्हा दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचता येईल असेच पल्ले आखावेत. रविवारचा मिस्सा आटोपून, न्याहारी करून, मग निघू म्हणणारा गट अकराशिवाय गावाची वेस ओलांडीत नाही हा आमचा अनुभव आहे. त्यांनी आपला पल्ला त्या मानाने आखडता घ्यावा.

येथपर्यंत नकाशाची थोरवी झाली. आता त्याची मर्यादा सांगतो, आणि ह्या लेखाचा खरा विषय तोच आहे.

पत्रकाच्या कोपऱ्यात पाहणीचे वर्ष छापलेले असते. ते आधी वाचावे. आमच्या पाहण्यातील एका जुन्या पत्रकावर नागपूर-छिंदवाड्याची छोटी रेल्वे दाखविली आहे, जी २०१५ साली बंद होऊन तिच्या जागी मोठी रेल्वे आली. जुन्या पत्रकांवर पेंच नदी मोकळी वाहते; तोतलाडोहाचा जलाशय तेथे नाही, आणि त्याच्या पोटात गेलेल्या वाटा मात्र तुटक तांबड्या रेषांनी दिमाखात काढलेल्या आहेत. जिल्ह्याचे म्हणावे तर २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला, पण त्याआधीच्या नकाशांवर आपण सारे छिंदवाडेकरच. नकाशा खोटे बोलत नाही. तो फक्त आपल्या काळचे खरे बोलतो.

ह्याहून मोठी गोष्ट परवानगीची. नकाशावर वाट आहे म्हणून ती चालण्यास मोकळी आहे असे मुळीच नव्हे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि तेथे विस्तव पेटविणे हाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याहून कडक आहे. जंगलालगतच्या गावकऱ्यांना सरपण, चराई, मोहफूल ह्यांचे काही हक्क आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ते अधिक पक्के झाले. पण गावकऱ्याचा हक्क हा पाहुण्याचा हक्क नव्हे. जेथून म्हातारी मोळी घेऊन सुखाने येते तेथून आपण बोचके घेऊन गेलो तर अडविले जाऊ, आणि अडविणाऱ्याचे चुकत नसते.

नागद्वारीचे उदाहरण घ्या, कारण ते आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास सुमारे दहा दिवस पचमढीच्या डोंगरांतून नागद्वारीची यात्रा भरते. नागपूर, अमरावती, वर्धा आणि आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडून हजारो हिंदू बांधव भर पावसात, निसरड्या कड्यांवरून, पद्मशेषाच्या गुहेपर्यंत चालत जातात. वाटेत विदर्भातील मंडळे त्यांना जेवू घालतात, आजारी पडलेल्यास उचलून आणतात. पोलीस आणि वनखात्याचे लोक ठिकठिकाणी उभे असतात. पण ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जाते, आणि यात्रेचे ते दिवस संपले की ती बंद होते. आता समजा, त्या यात्रेत चालताना एखाद्या उत्साही तरुणाने आपल्या मोबाईलमध्ये ती वाट रेखून ठेवली आणि पुढे सर्वांसाठी खुली केली. डिसेंबरात दुसरा एखादा तरुण मोबाईल उघडतो. त्यास पचमढीच्या डोंगरातून एक ठसठशीत वाट दिसते, तिच्यावरून कोणी चालून गेल्याची खूणही दिसते. तो निघतो. ज्या वाटेवर श्रावणात पावलापावलावर माणूस आणि पाण्याचा पेला होता त्या वाटेवर आता चिटपाखरू नाही, वाघ आणि अस्वल आहेत, आणि कायद्याने तो तेथे चोरासारखा आहे. रेघ तीच आणि जमीनही तीच. पण ती वाट वर्षातून केव्हा उघडते हे रेघेवर लिहिलेले नसते. ते माणसालाच विचारावे लागते.

कोणत्या माणसाला? पहिला, वनखात्याचा. आपला बेत ज्या जंगलातून जातो त्याच्या परिक्षेत्र कार्यालयात, ज्यास आपण रेंज ऑफिस म्हणतो, निदान पंधरा दिवस आधी जावे. हातात नकाशा असावा आणि त्यावर पेन्सिलीने आपली वाट काढलेली असावी. खात्याचा स्वतःचाही नकाशा असतो. त्यावर जंगलाचे लहान लहान भाग पाडलेले असून प्रत्येकास क्रमांक असतो. ह्या भागांस कक्ष म्हणतात. रानात कक्षाच्या हद्दीवर चुन्याने रंगविलेले मुनारे दिसतात त्यांवरील आकडे हेच. आपली वाट कोणकोणत्या कक्षांतून जाते ते तेथे विचारून आपल्या नकाशावर लिहून घ्यावे. मग रानात वाट चुकली तर जवळच्या मुनाऱ्याचा आकडा सांगता येतो, आणि वनरक्षकास तुम्ही नेमके कोठे आहात हे एका शब्दात कळते. ह्याच भेटीत विचारावे की कोठे तोड चालू आहे, कोठे वाघाचा वावर आहे, कोठे रात्री राहू देतील आणि कोठे नाही. पुष्कळ ठिकाणी "नाही" हेच उत्तर मिळेल. वाईट वाटून घेऊ नये. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात ठराविक भागांत वाटाड्या बरोबर घेऊन पायी हिंडता येते, आणि असे चालू देणारे व्याघ्र प्रकल्प देशात थोडेच आहेत. पचमढीसही पुष्कळ स्थळे तिकीट काढून पायी पाहता येतात. तेथे फॉर्सिथने १८६२ साली बांधलेले बायसन लॉज अजून उभे आहे आणि त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. पहिल्याच खेपेस घनदाट रानात मुक्काम ठोकण्यापेक्षा अशा ठिकाणी चार पावले चालून पाहावीत असे आमचे मत आहे. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने मध्य प्रदेशातील राष्ट्रीय उद्यानांचा गाभा प्रवाशांस बंद असतो, हेही बेत आखताना पाहावे.

दुसरा माणूस म्हणजे वाटेवरील शेवटच्या गावातला. त्यास विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. "बाबा, ही वाट तामियाला जाते ना?" असे कधी विचारू नये. रानातील माणूस भिडस्त असतो. पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून तो "हो" म्हणतो. "बाबा, ही वाट कोठे जाते?" असे विचारून गप्प राहावे. त्याने आपणहून तामियाचे नाव घेतले तर ते खरे. तसेच "किती दूर?" ह्या प्रश्नासही अर्थ नाही, "जवळच आहे" हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे आणि त्यानंतर दोन कोस चाललो आहोत. त्याऐवजी, "तुम्ही सकाळी निघालात तर जेवणाच्या वेळेस पोहोचता का?" असे विचारावे. वेळेच्या बाबतीत तो माणूस अचूक असतो, कारण तो स्वतः ती वाट चालला आहे. फक्त त्याची चाल आणि आपली चाल ह्यांतले अंतर मनाशी धरावे. पातालकोटात किंवा कोठेही वाटाड्या बरोबर घेतला तर त्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी, ती पूर्ण द्यावी, आणि आपल्याबरोबर जेवावयास बसवावे. त्याच्या घराचे, त्याच्या बायकामुलांचे फोटो विचारल्यावाचून काढू नयेत. तो आपल्या गावात आपणांस घेऊन चालला आहे, प्राणिसंग्रहालयात नव्हे.

मोबाईलचे आम्ही वैरी नाही. आकाशातील उपग्रहांवरून आपले ठिकाण कळणे ही मोठीच सोय आहे, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर सिग्नल नसतानाही ते ठिकाण दिसते. इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून आहे. त्यावर उपग्रहाने टिपलेले आपले शेत, आपला नाला, दोन्ही दिसतात. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस ते दाखवावे, मौज वाटेल. पण मोबाईलचा जीव त्याच्या बॅटरीत, आणि खोऱ्यात सिग्नल शोधून शोधून ती लवकर संपते. म्हणून कागदाची प्रत प्रत्येक गटात निदान दोघांजवळ असावी, मेणकापडात गुंडाळलेली. होकायंत्र शंभर-दीडशे रुपयांत मिळते. आपल्या भागात चुंबकसूची आणि खरी उत्तर ह्यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे इतर देशांतील चालणाऱ्यांस जी बेरीज-वजाबाकी करावी लागते ती आपणांस लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गावातील चार मुले सकाळी "जंगलात जाऊन येतो" एवढे सांगून गेली. रात्री नऊपर्यंत आली नाहीत. त्यांच्यापैकी एकाची आई आमच्याकडे आली. तिला विचारले, कोणत्या बाजूस गेली? ठाऊक नाही. कोणाबरोबर? दोघांची नावे सांगता आली, दोघांची नाही. गाडीने गेली की पायी? मोटारसायकली होत्या, पण त्या कोठे ठेवल्या असतील ते ठाऊक नाही. जंगल तर चारी बाजूंस होते. शोधावयास निघालेली दहा माणसे कंदील-बॅटऱ्या घेऊन वेशीवर उभी राहिली आणि कोणत्या दिशेने पाऊल टाकावे हे कोणास कळेना. मुले पहाटे एका गुराख्याच्या मागोमाग सुखरूप परत आली. मोबाईल चौघांचेही बंद पडले होते, रात्र एका झाडाखाली काढली होती. त्यांस काही झाले नाही. पण त्या माऊलीने ती रात्र कशी काढली हे आम्ही पाहिले आहे, आणि ह्या विषयावर लिहावयास बसलो ते तेवढ्यासाठी.

म्हणून आमचा आग्रह एका कागदाचा आहे. निघण्यापूर्वी वहीचे एक पान फाडून त्यावर लिहावे: कोण कोण जात आहोत, सर्वांची पुरी नावे आणि नंबर, गाडी कोठे ठेवणार, कोणत्या गावावरून कोणत्या गावास, कोणत्या कक्षांतून, मुक्काम कोठे, वाटाड्या कोण, परत केव्हा. आणि शेवटी एक ओळ: "अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा." हा कागद नकाशाच्या दुसऱ्या प्रतीसह घरी ठेवावा, ती प्रत देव्हाऱ्याखाली किंवा जेथे घरच्यांची नजर जाईल अशा ठिकाणी टाचावी. रेंज ऑफिसाचा नंबर त्यावर असावा. ११२ तर आता सर्वत्र चालतो. एकदा कागद लिहिला की वाटेत बेत बदलावयाचा नाही. बदललाच, तर निरोप पोहोचविल्यावाचून पुढे जावयाचे नाही. ज्या मुलाला हा कागद लिहिण्याचा कंटाळा येतो त्यास अजून रानात जाऊ देऊ नये, असे आम्ही आईबापांस स्पष्ट सांगतो. आणि जो मुलगा तो नीट लिहून तुमच्या हाती देतो त्यास मात्र अडवू नये.

ओझ्याविषयी थोडक्यात. माणशी तीन-चार लिटर पाण्याची तरतूद असावी. पोळ्या, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि आपली संत्री ही शिदोरी दोन दिवस टिकते आणि चूल पेटवावी लागत नाही. चुलीचा मोह टाळावाच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ खात्याने ठरवलेला आहे, पण पाचोळ्याला कॅलेंडर कळत नाही. संत्र्याच्या साली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्या बोचक्यातून गेल्या त्याच बोचक्यातून परत याव्यात.

राहता राहिला एका भगिनीचा प्रश्न. त्या विचारतात, अशा सहलीस मुलींनी जावे काय? वाचकहो, मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यासाठी उजाडण्यापूर्वी रानात कोण जाते? मेमध्ये तेंदूपाने कोण तोडते? अस्वल मोहाच्या झाडाखाली केव्हा येते, कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असते, कोणती पायवाट गेल्या पावसाळ्यात खचली, हे त्या बायकांइतके कोणासही ठाऊक नाही. वनरक्षकही पुष्कळदा त्यांनाच विचारतो. शेवटच्या गावात पोहोचल्यावर पारावर बसलेल्या पुरुषांना वाट जरूर विचारावी. मग पाणवठ्यावर जावे आणि गटातील मुलीने तेथील एखाद्या मावशीला तोच प्रश्न विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर मावशीचे उत्तर पेन्सिलीने नकाशावर लिहून घ्यावे.